करडाची आंघोळ

शेळ्यांच्या कामात किस्से कसे साठतात ते लेंड्यांवरून समजून घ्यावं. सकाळी गोठा लख्ख झाडायचा, हात धुवायला पाठ वळवायची, आणि मागे बघावं तर पुन्हा तेवढ्याच. मी आमच्या गावची पशुसखी. खर्ड्याहून अर्ध्या तासावर आमचं गाव. उन्हाळ्यात जन्मलेली करडं जगवायची, हे माझं मुख्य काम. ऊन असं की मोठ्या माणसाला ओट्यावरून उठवत नाही, तिथं काल जन्मलेल्या जिवाची काय कथा. त्यामुळे मार्च ते जून मी घरोघर फिरते. त्यातला निम्मा वेळ शेळ्यांवर जातो आणि निम्मा त्यांच्या मालकिणींवर. शेळ्या तरी ऐकतात.

* * *

ट्रेनिंग संपवून बॅग खांद्याला लावली, तेव्हा पहिलं घर घेतलं हौसाक्कांचं. हौसाक्का म्हणजे साठी ओलांडलेली एकटी बाई. नवरा लवकर गेला. शेळ्यांच्या जिवावर त्यांनी एकुलती एक पोरगी, मनीषा, शिकवली आणि नगरला नर्स केली. तोंडाने फटकळ. पण गावात कुणाची शेळी अडली की आधी बोलावणं त्यांना.

मी चार्ट उघडला आणि सुरू झाले. करडू जन्मलं की अर्ध्या तासात आईचा पहिला चीक पाजायचा. तापल्या पत्र्याखाली बांधायचं नाही. दुपारी गोठ्याला ओलं गोणपाट लावायचं, पण खालची जमीन कोरडी पाहिजे. आक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सुनीता, तुझ्या किती शेळ्या हायेत गं?"

"एक पण नाही, आक्का."

"मंग हे समदं तुला कुनी सांगितलं?"

"ट्रेनिंगमधल्या सरांनी."

"आन् त्यांच्या किती हायेत?"

मी चार्ट गुंडाळला. खरं सांगते, तो प्रश्न मलाही ट्रेनिंगमध्ये विचारायचा होता, पण तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

* * *

त्याच वर्षी गोठ्यात लावायला म्हणून मला एक थर्मामीटर मिळाला. एकच होता, म्हणून माझी मैत्रीण रंजना हिच्या गोठ्यात टांगला. तो बघायला रोज दुपारी बायका जमायला लागल्या. आज किती, उद्या किती, कुणाचा अंदाज बरोबर, असा सगळा बाजार. चार दिवस पारा चढतच गेला.

पाचव्या दिवशी रंजनाची सासू उठली आणि मला म्हणाली, "हे यंत्र काढून ने बाई. लावल्यापासनं रोज वाढायलंय."

काढून नेलं. दुसऱ्या दिवशी आभाळ आलं आणि ऊन उतरलं. त्या घरात अजून माझ्या ज्ञानाला काडीची किंमत नाही.

* * *

याच रंजनाच्या नवऱ्याने, दाजींनी, दुपारच्या झोपेसाठी हौसेने कूलर घेतला. कूलर घरात आला आणि त्याच आठवड्यात शेळी व्याली. तीन करडं. रंजनाने दाजींना काही न विचारता कूलर गोठ्यात नेला.

मी बघायला गेले तर वाऱ्याचा झोत सरळ करडांच्या अंगावर. मी रागावले. म्हटलं, "असा थेट वारा नको, छातीत सर्दी भरेल. मध्ये काहीतरी आडोसा ठेव."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. एका बाजूला कूलर, पलीकडे करडं, आणि मधोमध बाजेवर दाजी आडवे.

"दाजी, झोप झाली का?" मी विचारलं.

"झोपलोय कुठं? आडोसा हाय मी."

तेवढ्यात चुलीपासून रंजनाचा आवाज आला, "अवो, कुशीवर वळू नका, फट पडती!"

* * *

करडांना हगवण लागली तर लवकर कळावं, म्हणून मी मोबाईलवर बायकांचा ग्रुप काढला. नियम केला की तोंडी सांगायचं नाही, फोटो टाकायचा. तेव्हापासून सकाळी सात ते आठ माझा नवरा माझ्याकडे पाठ करून चहा पितो.

एका सकाळी शोभाताईचा फोटो काही आला नाही. आली ती स्वतः, डोळ्याला पदर लावून. तिच्या मुलाच्या लग्नाचं सोनईकडच्या पाहुण्यांशी बोलणं चाललं होतं आणि त्यांचाही एक ग्रुप होता. आदल्या संध्याकाळी त्यावर मुलाचा बायोडाटा गेला. सकाळी त्याच्याच खाली शोभाताईने फोटो टाकला आणि लिहिलं, 'कालपासून असं पातळ आहे. खाणं पण कमी. काय करावं?'

"गेलं गं स्थळ," ती म्हणाली. "मानसं कशी लाखातली हुती."

मी तिची समजूत घालतेय तोवर तिचा मोबाईल वाजला. मुलीच्या वडिलांचं उत्तर आलं होतं. 'पाणी उकळून गार करा, गूळ-मीठ घालून थोडं थोडं पाजा. आईचं दूध बंद करू नका. रविवारी बघायला येतो.'

शोभाताईने ते दोनदा वाचलं. "बघायला म्हन्जे पोराला का करडाला?"

रविवारी पाहुणे आले आणि आधी गोठ्यात गेले. पोराला चहा घेऊन तिकडेच बोलावलं. लग्न जमलं, करडूही जगलं.

* * *

आता पुन्हा हौसाक्कांकडे येते, कारण खरी गंमत तिथं आहे.

त्यांच्या शेळ्यांत एक काळी, उंच शेळी आहे. जमिनीवर पडलेला पाला खात नाही, हातातून द्यावा लागतो, म्हणून तिचं नाव सायबीन. गेल्या उन्हाळ्यात सायबीनला दोन करडं झाली. आक्का बाजाराला गेल्या होत्या, पत्रा तापला, आणि एका दुपारीत दोन्ही गेली. त्यानंतर दोन दिवस आक्कांनी कुणाला शिवी दिली नाही, तेव्हा गाव घाबरलं. तिसऱ्या दिवशी मला निरोप आला, "तुझा त्यो कागद घिऊन ये." मी गेले, चार्ट वाचून दाखवला, आणि त्या खाली मान घालून ऐकत राहिल्या. मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

यंदा त्यांनी पत्र्यावर तुराट्यांचा जाड थर घातला, बाजूंनी गोणपाटं लावली. सायबीन गाभण होती. आणि तिकडे मनीषालाही दिवस गेले होते, आठवा महिना लागला होता.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. पण मधे एक अडचण होती आणि ती अडचण केडगावची होती. मनीषाने तीन वर्षांपूर्वी नगरला लागून असलेल्या केडगावच्या प्रशांतशी कोर्टात लग्न केलं आणि आईला नंतर फोनवर कळवलं. प्रशांत मोबाईल दुरुस्त करतो, सरळ माणूस. पण आक्का त्याच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मनीषा गुरुवारी आली ती त्याला सोबत घेऊन आणि अट घालून. "आई, तू यांच्याशी बोललीस तर मी राहते. नाहीतर रविवारी सकाळच्या एस्टीनं आम्ही दोघं परत केडगावला. बाळंतपण तिकडंच."

आक्का बोलायला लागल्या. पण सायबीनशी!

"सायबीनबाई, त्यांला सांगा, च्या गार हुतोय."

प्रशांतही काही कमी नाही. तो म्हणायचा, "सायबीनबाई, आईंना सांगा, चहा झकास झालाय."

"त्यांला म्हनावं, भाकरी वाढू का अजून."

"आईंना म्हणावं, अर्धी चालेल."

सायबीन मध्ये उभी राहून रवंथ करायची. मनीषा मला म्हणाली, "ताई, शेळीला अहो-जाहो करते आणि माझ्या नवऱ्याला अरे पण करत नाही." ती हसत होती, पण बॅगेतले कपडे तिने बाहेर काढले नव्हते.

* * *

शनिवारी सकाळी सायबीन व्याली. एकच करडू, काळंभोर, एक कान पांढरा. तिने चाटून कोरडं केलं, ते धडपडत उभं राहिलं, चीक प्यायलं. सगळं चार्टप्रमाणे. आक्का इतक्या खुश की मला साखर घातलेला चहा मिळाला. मग मी आणि त्या सायबीनसाठी सुबाभळीचा पाला आणायला ओढ्याकडे गेलो. मनीषा आत आडवी झाली होती.

घरात जागा माणूस एकटा प्रशांत. त्याने बघितलं, करडू उन्हाने धापा टाकतंय, अंग चिकट आहे. केडगावचा जीव तो, त्याला कणव आली. त्याने करडू उचललं, न्हाणीत नेलं आणि आपल्या वासाच्या साबणाने त्याला चांगली आंघोळ घातली. टॉवेलने पुसलं. वर पावडर लावली.

आम्ही परतलो तर तो दारातच करडू कडेवर घेऊन उभा. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा खुलला होता. करडाला मोगऱ्याचा वास येत होता.

आक्कांच्या हातातला पाला खाली पडला. शेळी आपलं पिल्लू ओळखते ती वासाने, बाकी तिला काही कळत नाही. करडू खाली ठेवलं, ते थेट आईच्या सडाकडे गेलं. सायबीनने एकदा हुंगलं आणि शिंगाने उडवून दिलं. पुन्हा गेलं, पुन्हा उडवलं.

"सायबीनबाई, त्यांला सांगा..." आक्कांनी सुरुवात केली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गेल्या साली दोन गेली. हे बी जायाचं का आता?" त्या कोनाड्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

प्रशांतचं तोंड एवढंसं झालं. "ताई, काय करू सांगा. काही पण करतो."

मनीषाने बाटली आणली. आक्का वळल्या, "आई जित्ती असताना बाटली न्हाई." मग मी उपाय सांगितला. सायबीनचंच दूध काढून करडाच्या पाठीला, शेपटीला चोळायचं आणि तिचा मागचा पाय धरून बळेच पाजायचं. दर तासा-दोन तासाला. ती घेईपर्यंत.

पाय धरायला प्रशांत बसला. भर दुपारी, डोक्यावर ओलं गोणपाट घेऊन. पहिली लाथ नडगीवर बसली, दुसरी कोपरावर. तिसरी कुठं बसली ते तो सांगेना, पण मनीषा घाबरून आतून बाहेर आली. एवढं होऊनही त्याने पाय सोडला नाही. आक्का दारात बसून सगळं बघत होत्या. मध्येच मनीषाला म्हणाल्या, "त्यांला पानी दी." सायबीनला सांगितलं नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

दिवस मावळायला सायबीनने लाथ मारायची बंद केली. पण करडाला चाटत काही नव्हती.

* * *

रविवारी सात वाजताच मी तिथं पोचले. गोठ्यात बघते तर करडू सायबीनखाली, शेपूट हलवत पितंय, आणि धरायला कुणी नाही. ती त्याची पाठ चाटत होती, मोगऱ्यासकट. मला इतका आनंद झाला की मी तिथंच लेंड्यांत बसले.

ओट्यावर मात्र बॅगा भरून ठेवलेल्या होत्या. मनीषाचे डोळे सुजले होते. प्रशांत नुकताच आंघोळ करून आला, केस ओले, आणि बाजेवर बसून बूट घालायला लागला. आई-लेक एकमेकींकडे बघत नव्हत्या.

सायबीनने मान वर केली. हवा हुंगली. करडाला तिथंच सोडून ती अंगणात आली, प्रशांतच्या मागे उभी राहिली आणि त्याचं डोकं चाटायला लागली. आधी एक कान, मग भांग, मग दुसरा कान, अगदी मन लावून. आणि शेळी फक्त आपल्या पिल्लाशी बोलताना काढते, तसा बारीक घोगरा आवाज काढत होती.

प्रशांत एक बूट घालून तसाच बसून राहिला. हलला नाही. मनीषाने तोंडावर पदर धरला. फाट्यावरून एस्टीचा हॉर्न आला.

आक्का चहाचा पेला घेऊन दारात उभ्या होत्या. सवयीने त्यांनी तोंड उघडलं, "सायबीनबाई..." पण सायबीनला सवड नव्हती.

त्या पायरी उतरून खाली आल्या आणि पेला त्याच्या हातात दिला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "उद्या बी ह्याच साबनानं आंगूळ करा."