रोझान्नाबाईंचा शेजार

आई विमानतळावर आलीच नाही. गाडी लागायची तिला. बार्शीच्या एसटी स्टँडवरच तिनं निरोप दिला, आणि तोही रडत नाही, दटावत. "गेल्या गेल्या आधी शेजार बघ. फ्रीज-पलंग मागनं येतात. शेजारणीचं नाव काय, ते पहिल्या फोनात सांगायचं." सई तेव्हा माझ्या कडेवर होती. हे आधीच इकडं डच मुलखात, हार्लेमला येऊन घर भाड्यानं घेऊन बसले होते.

आई असं का म्हणाली, ते आमच्या गल्लीतल्यांना सांगायला नको. कुणाकडं मयत झालं की त्या घरात चूल पेटत नाही, पिठलं-भाकरी शेजारून जाते. आणि शेजार म्हणजे बहुतेकदा आईच. टोपलं पदराखाली झाकून ती निघाली की आम्ही पोरं गप्प व्हायचो.

पहिल्या फोनात मला नाव सांगता आलं नाही. इथं खिडक्यांना पडदे नसतात, आतलं सगळं दिसतं, पण दार वाजवायचं तर आधी वेळ ठरवायची. त्यात मी नववीत शाळा सोडलेली. यांच्या स्लोटरडाइकच्या ऑफिसातल्या मराठी बायका प्रेमानं बोलतात, पण प्रोजेक्ट आणि परमिट सुरू झालं की मी चहा करायला उठते.

बोलायला सापडली ती कोपऱ्यावरच्या इटालियन दुकानातली रोझान्नाबाई. आईच्याच वयाची असेल. सुरुवातीला मी भीतीनं सगळ्यांना पुढं जाऊ द्यायची. एकदा तिनंच बोटानं बोलावलं, ऑलिव्ह चाखायला दिलं, आणि मी "व्लेस?" म्हणून मान हलवली तेव्हा मांस चालत नाही हे ओळखलं. तेव्हापासून माझं चीज कापताना ती सुरी धुऊन घेते. मी न सांगता. खिडकीतल्या छोट्या टेबलावर बसवून पाव आणि हिरवा पेस्तो देते. "बार्शीची बाई मिरचीशिवाय चटणी खाते, बघा!" असं हे चिडवायचे. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "चटणी राहू दे. ती बाई एकटी आहे का? तिला जेवलीस का विचारत जा."

आई गेली तेव्हा मला नववा लागलेला. विमानात घेत नाहीत. भावानं फोनवरून शेवटचं दाखवलं, आणि फोन ठेवल्यावर घरात नुसतं फ्रीजचं गुरगुरणं.

लग्न झालेल्या लेकीच्या घरी चूल बंद ठेवायची गरज नसते, हे म्हणाले. असेलही. माझा हातच शेगडीकडं जाईना. "मग काहीतरी मागवू. तू उपाशी राहू नकोस, पोटातल्याचा विचार कर." मला ते पटत होतं, पण घास उतरेना. विकतचं कसं चालेल? ते कुणीतरी आणायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सईसाठी पाव आणायला तिला घेऊन गेले. मी कुणाला काही सांगणार नव्हते. पण सई डचमध्ये सांगून मोकळी झाली, "माझी आजी मेली. आई जेवतच नाही."

रोझान्नाबाईनं हॅम कापायचं मशीन मध्येच बंद केलं. गिऱ्हाइकं तशीच सोडून बाहेर आली आणि माझं डोकं पिठाळ एप्रनला धरलं. एकजण घड्याळ बघत होता, त्याच्याकडं तिनं असं बघितलं की तो शेल्फवरच्या बाटल्या वाचायला लागला.

संध्याकाळी बेल वाजली. दारात ती, हातात टॉवेलात गुंडाळलेलं भांडं. आत मक्याच्या पिठाचं पिवळं, वाफाळतं, मऊ काहीतरी. "पोलेंटा," ती म्हणाली. यांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. फोडणी नाही, मिरची नाही, वर लोणी. मी खाल्लं. ती समोर बसून राहिली. तिची आई गेली तेव्हा तीही इथंच होती, दुकान उघडं होतं, एवढंच मध्ये एकदा सांगितलं.

निघताना बूट घालता घालता ती म्हणाली, "तोत मॉर्खन." उद्या भेटू.

हे चपापले. दुःखाच्या घरातून निघताना आपल्याकडं "येते" म्हणत नाहीत. गुपचूप उठायचं. घरच्यांनीही "या" म्हणायचं नाही, तसल्या कारणानं परत यायला लागू नये म्हणून. ती बिचारी काय जाणे! हे तिला समजावून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्यांचा हात दाबला.

दादा-वहिनी, तुम्ही बोलावता, मी येईनही. पण तिथं स्टँडवर आता मला दटावणारं कुणी नाही. आणि माझ्यासारख्या लांब आलेल्या बायांनो, घर कुठलं असं कुणी विचारलं की मी अजून बार्शीच सांगते. फक्त सांगताना आता जरा थांबते.

त्या संध्याकाळी पोट सावरत मी दारापर्यंत गेले. ती फाटकाशी पोचली होती.

"या," मी म्हणाले. "उद्या या." मराठीतच म्हणाले.