नाना दाराबाहेर गात होते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या माझ्या मुलीला तर नाहीच. प्रार्थनेतसुद्धा मी याच्या कडेकडेनंच गेले. 'माझ्या सर्व चुकांची क्षमा कर' असं घाऊक मागून मोकळी झाले. सर्व चुका! म्हणजे देवानं आपलं आपण शोधून घ्यावं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणं जमतंय बहुतेक. बसा जरा.

मी शैला. कांदिवलीला चारकोपमध्ये राहते. आमच्या मराठी मंडळीत — चर्चला आम्ही मंडळी म्हणतो — लहान मुलांचा रविवारचा वर्ग कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. मुलं मला टरकून असतात, कारण पाठांतर झालं नसेल तर मी सोडत नाही. दरवर्षी गुड फ्रायडेच्या आधी पेत्राची गोष्ट येते. तोच पेत्र, येशूचा शिष्य, ज्यानं त्याला पकडून नेल्यावर शेकोटीपाशी बसून 'मी त्या येशूला ओळखत नाही' म्हणून सांगितलं. मी विचारते, पेत्राचं काय चुकलं? मुलं एका सुरात ओरडतात, 'टीचर, तो घाबरला!' शाब्बास म्हणते आणि फळ्याकडे तोंड फिरवते. फळ्यावर पुसायला काही नसलं तरी पुसत बसते.

का, ते सांगते. पण आधी घराचं सांगायला हवं. नाही — मी पळवाट शोधत नाहीये. घराशिवाय बाकीचं कळणारच नाही.

माझा नवरा विलास चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत पॅकिंगच्या कंपनीत होता. पाळ्यांची नोकरी, म्हणून घर जवळपासच हवं होतं. आम्ही नगरकडचे, आडनाव शिंदे. नावावरून कुणाला काही कळत नाही. एका घरी सगळं ठरलं, चहासुद्धा झाला, आणि मी सहज बोलून गेले की या खिडकीत नाताळची चांदणी छान दिसेल. दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन — मालकांचा भाचा राहायला येतोय. पुढच्या घरी तर भाच्याचीही गरज पडली नाही, तोंडावरच नाही म्हणाले. एजंट वैतागला. 'ताई, नावावरून वाटत नाही ना तुमच्या? मग बोलायचंच कशाला? स्वतःच स्वतःची वाट लावून घेता यार तुम्ही!'

तिसऱ्या घरी मी बोलले नाही.

मालक म्हणाले, 'शिंदे, म्हणजे आपलेच.' मी हसले. एवढंच केलं. खोटं असं काही बोललेच नाही मी, असं स्वतःला किती वेळा सांगितलं असेल! नुसतं हसणं हे काय खोटं असतं?

घर मिळालं त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी गुडघे टेकून देवाचे आभार मानले. आवाज खाली ठेवून मानले, कारण भिंती पातळ होत्या. हसू नका. देवानं घर दिलं म्हणून देवाचे आभार, पण हळूच, शेजारी ऐकू जायला नको! तेव्हा मला त्यात काहीसुद्धा चमत्कारिक वाटलं नाही.

मग एकातून एक निघत गेलं. मंगळसूत्रातला क्रॉस ब्लाउजच्या आत गेला. टिकल्यांचं पाकीट आलं. आमची रूथ तेव्हा जेमतेम चार वर्षांची. बिल्डिंगमध्ये सगळे तिला ऋतू म्हणायला लागले आणि मी कुणाला दुरुस्त केलं नाही. रविवारी बायबल भाजीच्या पिशवीत घालायचं आणि वर मेथीची जुडी ठेवायची. रविवारी सकाळी सारा चारकोप भाजी घेऊन घरी यायचा आणि मी एकटी भाजी घेऊन बाहेर पडायचे. एवढी हुशारी करूनही हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

समोरच्या दारात तावडेकाकू राहायच्या. मालवणच्या. घावणे केले की ताट झाकून पाठवायच्या, रूथला मांडीवर घेऊन बसायच्या. मला त्यांचीच सगळ्यात जास्त भीती वाटायची, कारण मालकांशी त्यांचं घरच्यासारखं होतं.

आणि डिसेंबर आला.

डिसेंबरात आमच्या मंडळीतली माणसं टेम्पो करून घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरतात. पेटी, ढोलकी, काठीला बांधलेली चांदणी. घरात यायचं, गाणी म्हणायची, मग त्या घरासाठी प्रार्थना करायची, मग केक, करंज्या, चहा. मंडळीची घरं वाकोल्यापासून बोरिवलीपर्यंत विखुरलेली, त्यामुळे एकेक संध्याकाळ एकेका भागाला. पेटी गळ्यात अडकवून सगळ्यांच्या पुढे असायचे माझे वडील. नाना. वाकोल्याला राहायचे, पाणीखात्यात फिटर होते. पान्यानं घट्टे पडलेली ती बोटं पेटीवर अशी काही फिरायची की बघत राहावं. वर्षभर ते या दिवसांची वाट बघायचे.

मी त्यांना फोन करून सांगितलं, आम्ही नगरला जातोय, आमच्याकडे नको. 'बरं गं,' म्हणाले.

त्या दिवशी विलास दुसऱ्या पाळीला होता. दिवेलागण झाली होती. मी भाकऱ्या थापत होते, रूथ पायाशी बसून पिठाच्या गोळीचा साप करत होती. आणि खाली टेम्पो थांबला. ढोलकीवर कुणीतरी उगाच थाप मारली — ती मी ओळखली. आमच्या खिडकीत उजेड दिसला असणार, आणि कुणीतरी म्हणालं असणार, अरे, शैला घरीच आहे की! प्रेमानंच म्हणालं असणार.

मी गॅस बंद केला. दिवे घालवले.

जिन्यात पावलं वाजली. बेल वाजली, पुन्हा वाजली. मग जरा कुजबुज, आणि बंद दारासमोरच पेटी सुरू झाली. मग नानांचा आवाज आला. रूथनं तो पहिल्या शब्दालाच ओळखला. अंधारातसुद्धा तिचा चेहरा फुललेला मला दिसला. ती उठली, दाराकडे धावली, आणि हाक मारायला तिनं तोंड उघडलं —

मी मागून तिचं तोंड दाबलं.

सांगितलं एकदाचं. लहान मुलाला गप्प करायला आपण ओठांवर बोट ठेवतो, तसं काही मी केलं नाही. दाबलं. पिठाच्या हातानं, जोरात. तिचे इवलेसे दात माझ्या तळव्याला लागत होते. अख्खं गाणं होईपर्यंत मी तिला तशीच धरून ठेवली, आणि त्या भल्या माणसांनी एकही कडवं गाळलं नाही.

मग प्रार्थना. नानांचा आवाज बारीक झाला, शब्द मला कळले नाहीत. खरं तर माझे कान तिकडे नव्हतेच. समोरचं दार उघडतंय का, इकडे होते. आणि ते उघडलं. कडी वाजली, काकूंचं दार करकरलं. झालं, आता मालकांना कळणार. पुन्हा एजंट, पुन्हा सामान बांधा. माझा बाप दोन हातांच्या अंतरावर उभा राहून देवाशी बोलत होता आणि मी मनात खोके भरत होते.

ते गेले. रूथ रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं फ्रॉकला तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यानंतर किती तरी दिवस दारावरची बेल वाजली की ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची. उघडायचं, की लपायचं?

सकाळी दार उघडलं तर चपला बाहेरच होत्या. माझ्या, आणि रूथच्या लाल सँडल. एवढी लपवाछपवी, आणि चपला दारात! एका सँडलमध्ये लिमलेटची गोळी होती, संत्र्याच्या फोडीसारखी. तसल्या गोळ्या खिशात घेऊन फिरणारा एकच माणूस मला माहीत होता.

तरी रविवारी मी नानांना सांगितलंच — आमचं नगरला जाणं रद्द झालं, पण त्या दिवशी जरा बाहेर गेलो होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. 'हो का? बरं.' बस. पुढच्या वर्षी मंडळीत घरं वाटून घेताना कुणीतरी माझं नाव काढलं. मी काही बोलायच्या आत नाना म्हणाले, 'शैलाकडे नको. तिच्या सासूबाईंची तब्येत बरी नसते.' माझ्या सासूबाई नगरला ठणठणीत होत्या, विहिरीवरून पाणी आणत होत्या! अख्ख्या मंडळीत नानांइतका सरळ माणूस नव्हता. तो माझ्यासाठी खोटं बोलला, दर डिसेंबरात बोलला, आणि बोलताना माझ्याकडे बघायचा नाही. तेवढी शरम मला कुणी शिव्या घातल्या असत्या तरी वाटली नसती.

नाना गेले. मी कबूल केलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

पुढं आम्ही दोन सेक्टर सोडून स्वतःचं घर घेतलं. खिडकीत चांदणी लागली, क्रॉस ब्लाउजबाहेर आला, ऋतूची पुन्हा रूथ झाली. पण गाणी म्हणणाऱ्यांना मी कधी बोलावलं नाही. कुठल्या तोंडानं बोलावणार? इतकी वर्षं मी काय समजत होते, सांगू? देवाचा चांगुलपणा हा भाड्याच्या घराच्या करारासारखा, अकरा महिन्यांचा. नीट वागलात तर पुढचे अकरा महिने. त्यामुळे काही चांगलं झालं की मी दचकायचे. रूथ पास झाली, विलासचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं, आणि दर वेळी वाटायचं, देवाला अजून कळलेलं दिसत नाही. जसा काही तो तावडेकाकूंच्या ओळखीचा मालकच!

गेल्या महिन्यात त्याच तावडेकाकूंना बघायला गेले. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, घरीच पडून असतात. माझ्या गळ्यातला क्रॉस त्यांनी दोन बोटांत धरला आणि हसायला लागल्या. 'माका तेव्हाच ठावक होता गो. रविवारी मेथीची जुडी घेवन जातंस आणि तीच सुकलेली जुडी घेवन परत येतंस. असा कोण करता?'

मग मालकांना सांगितलं का नाही, असं मी विचारलं. 'मी कित्याक सांगू?' म्हणाल्या. आणि आपणहूनच त्या संध्याकाळचं बोलायला लागल्या. 'तुझ्या बापाशीचो आवाज काय गोड होतो गो! मी दारात उभी रवलंय. माझेसुद्धा हात जोडले गेले.' नानांनी शेवटी देवाकडे काय मागितलं, तेही त्यांच्या लक्षात होतं. फार काही नव्हतंच लक्षात ठेवायला. नाना म्हणाले होते — देवा, आत जे आहेत त्यांची भीती घालव.

आत जे आहेत. रिकाम्या घरासाठी कुणी असं मागतं का?

त्यांना माहीत होतं. पेटी गळ्यात, मागं सगळी मंडळी, समोर लेकीनं लावून घेतलेलं दार, खाली नातीच्या सँडल, आणि त्या माणसानं दार उघडावं असं देवाकडे मागितलं नाही. माझी अक्कल ठिकाणावर आण असंही म्हटलं नाही. मी काकूंच्या पलंगावर बसून रडले. काकूंना वाटलं गुडघ्यामुळेच रडतेय, त्या माझीच समजूत घालायला लागल्या. मग मला रडता रडता हसू आलं.

देव चांगला आहे, हे वाक्य मी वर्गात मुलांकडून शेकडो वेळा घोकून घेतलंय. मला ते त्या पलंगावर कळलं. मी जे टिकवण्यासाठी देवाला दाराबाहेर ठेवलं, ते घर त्यानंच दिलं होतं. आणि दाराबाहेर उभं राहूनसुद्धा तो माझंच भलं मागून गेला, माझ्या बापाच्या तोंडून.

पण यामुळे त्या हाताचं काही कमी होत नाही. मालक तसे होते म्हणून, एजंट तसं बोलला म्हणून, घर जाईल म्हणून — हे सगळं खरं आहे, आणि हात तरीही माझाच होता. आजोबांना हाक मारणाऱ्या मुलीचं तोंड मी दाबलं, आणि बापाच्या तोंडावर सरळ खोटं बोलले. त्यापुढं मला काही जोडायचं नाही.

आज संध्याकाळी टेम्पो आमच्या घरी येणार आहे. मीच फोन करून बोलावलंय. पलीकडून पहिला प्रश्न आला, सासूबाईंना चालेल ना? सासूबाई जाऊनसुद्धा आता बरीच वर्षं झाली! करंज्या तळून झाल्यात. रूथ कामावरून लवकर येणार आहे. आली की आधी तिला आत बसवून हे सगळं सांगणार आहे, पिठासकट. तिला ते आठवतंय की नाही, मला माहीत नाही. आठवत असेल तर इतकी वर्षं तीही गप्प राहिली. ती काय म्हणेल ते म्हणू दे.

आता खालून कुणाची तरी पावलं वाजताहेत. तीच असेल. नानांनी त्या दारात मागितलं होतं ते इतक्या वर्षांनी पोचलं. मला आता भीती वाटत नाही.