खिडकीतलं बोट

तिला चांगलं नाव होतं, पण साथीत ते मागे पडलं. दारोदार फिरून म्हाताऱ्यांच्या बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावायची, म्हणून गावानं तिला बोटवाली केलं. सुरुवातीला लोक अंगणात खुर्ची टाकायचे. मग आकडा कमी म्हणून तिनं कळवलेल्या काही म्हाताऱ्यांना दवाखान्याची गाडी घेऊन गेली आणि त्यांच्यातलं कुणीच परत आलं नाही. तेव्हापासून ती गल्लीत शिरली की पटापट कड्या लागायच्या. काम चोख केल्याचं हे बक्षीस.

गल्लीच्या टोकाला म्हातारा सुतार आणि त्याची बायको राहायचे. मुलगा शहरात अडकलेला. "ताई, बाबांकडे तेवढं बघा," असं तो रोज फोनवर विनवायचा.

त्या सकाळी काकूंनी दार उघडलंच नाही. खिडकी जराशी किलकिली झाली आणि बोट बाहेर आलं. सत्त्याण्णव.

"आता काकांचं."

खिडकी मिटली, उघडली, बोट आलं. पुन्हा सत्त्याण्णव. तेवढ्यात म्हातारा आतल्या खोलीत खोकला. माणूस आत आणि बोट खिडकीत, अशी कारागिरी त्या सुतारालाही आयुष्यात जमली नसेल.

"काकू, हे तुमचंच बोट आहे."

"असू दे. तू लिही आणि जा."

"त्यांना दम लागलाय. मला इथून ऐकू येतंय."

"तू नेलेलं कोण परत आलं, सांग बरं."

ती हटली नाही. घसा कोरडा पडेपर्यंत विनवलं, शेवटी मुलाला फोन लावून खिडकीशी धरला. तो रडायला लागला, तेव्हा कुठे कडी निघाली.

सुतार भिंतीला टेकून बसला होता. ओठ निळे पडलेले. यंत्रावरचा आकडा सत्तरच्या खाली होता. काकू मुकाट्यानं पिशवीत त्याचे कपडे भरायला लागल्या.

बोटवालीनं गाडीसाठी फोन केला. पलीकडचा माणूस थकलेला होता. "बाई, कुठेच खाट नाही. आणून ठेवू कुठे?"

तिनं फोन ठेवला. एवढं भांडून दार उघडायला लावलं, ते कशासाठी, या विचारानं तिला लाज वाटली.

"काकू, गाडी येत नाहीये. जागा नाही."

काकूंचे हात थांबले. मग चेहरा असा मोकळा झाला की बोटवालीला बघवेना.

"अहो, ऐकलंत का? नाही न्यायचं तुम्हाला."

सुतार धापा टाकता टाकता हसला. काकू त्याच्याजवळ बसल्या आणि पिशवीतले कपडे एकेक करून बाहेर काढू लागल्या.

बोटवालीचा फोन वाजला. मुलगा विचारत होता, गाडी निघाली का.