पीचदरीचा रस्ता

अर्डिथमावशी माझी शेजारीण. आमच्या गावात सगळेच एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात. ती अर्ध्या गावाची आत्या, पाव गावाची मामी आणि उरलेल्यांची मावशी. मी उरलेल्यांतली. शाळेची बस चालवते, पोरांवर ओरडून ओरडून माझं तोंड जरा मोठं झालंय. मावशीबद्दल बोलायला लागले की ते आणखी मोठं होतं, आणि या बाबतीत मी ते आवरणार नाही.

मावशीचा जन्म गेला शाळेच्या स्वयंपाकघरात पाव भाजण्यात. उंच, हाडकुळी, मान ताठ, डोक्यावर मेलेल्या नवऱ्याची हॅट. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. हट्ट म्हणाल तर एकच, फाटकाचा. आमचा हा सगळा गुरांचा मुलूख, वाटेवर ठिकठिकाणी तारेची फाटकं. गाडीत चालवणाऱ्याच्या शेजारी जो बसेल त्याने उतरायचं, फाटक उघडायचं, गाडी गेली की लावायचं, ही रीत आमच्याकडे दुधाच्या दातांबरोबर येते. माझं नवीन लग्न झालं होतं तेव्हा माझा नवरा एकदा मावशीच्या शेजारी बसला होता आणि शहरचा असल्यामुळे फाटक नुसतं ढकलून परत आला. मावशीने गाडी पुढे नेली, बऱ्याच अंतरावर थांबवली आणि त्याला उन्हातून चालत मागे पाठवलं. तारेची कडी खुंटाला अडकवल्याशिवाय त्याला गाडीत घेतलं नाही. तेव्हापासून तो स्वतःच्या घराचं दारही दोनदा लावून बघतो.

ही शिस्त तिच्या वडिलांची. त्यांचा गुरांचा मळा पीचदरीत होता. आता राष्ट्रीय उद्यान आहे त्याच्या पोटात, लाल कड्यांच्या मधोमध. गावापासून कच्चा रस्ता जातो. दरीत पीचची झाडं होती, ओढा होता, आणि त्या ओढ्यानेच तिचा पहिला मुलगा नेला. लिन चार वर्षांचा होता. वर डोंगरात कुठंतरी पाऊस पडला, इथं ऊन, आणि एकाएकी ओढ्याला लोंढा आला. लिनला तिथंच आजोबांनी आपल्या हाताने पुरलं. पुढे आजोबा-आजीही त्याच्या शेजारी गेले.

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी आमच्याकडे थडगी सजवायचा दिवस असतो. त्या दिवशी मावशी परसातली जांभळी आयरिसं आणि गुलाबी पिओनीची फुलं कापायची, पीचच्या रिकाम्या डब्यांत लावायची आणि दरीत जायची. ओल्या फडक्याने लिनचा दगड पुसायची आणि त्याला गावच्या बातम्या सांगायची. कुणाचं लग्न झालं, कुणाची गाय व्याली. मी सोबत असले तर हसून म्हणायची, "याला सगळं कळवावं लागतं, नाहीतर रुसतो."

मळा वडिलांनंतर तिच्या भावाकडे गेला. उद्यानाची हद्द वाढली तेव्हा त्या भावाने तो राजीखुशीने वॉशिंग्टनला, म्हणजे केंद्र सरकारला, विकला आणि गावात मोटेल बांधलं. त्याच्या सहीवर कुणी बंदूक रोखली नव्हती, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. उद्यानवाल्यांनी रस्त्यावर लोखंडी आडवा दांडा घातला आणि कुलूप ठोकलं. पण तिथला रेंजर बाका हा माणसातला माणूस. न्यू मेक्सिकोचा, आईचं थडगं सजवणारा. मेच्या शेवटच्या आठवड्यात कुलूप नुसतं लटकत असायचं, बंद नसायचं. कुणी कुणाला विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. हे असं चाललं होतं आणि चाललं होतं तोवर कायदा कुणालाच आठवला नाही.

मग त्या भावाचा मुलगा वेल्डन काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, मंडळावर निवडून आला. बापाने दरी विकून बांधलेलं मोटेल हाच चालवतो, खोल्या भरतात त्या उद्यान बघायला येणाऱ्या लोकांनी, आणि भाषण काय तर वॉशिंग्टनने आमच्या बापजाद्यांची जमीन लुटली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. एका सकाळी हा काउंटीचं रस्ता सपाट करायचं यंत्र घेऊन, झेंडे आणि टीव्हीवाले घेऊन दांड्यापाशी गेला, कुलूप कापलं आणि म्हणाला, हा रस्ता काउंटीचा आहे, राज्याचा आहे. दुपारी उद्यानवाल्यांनी नवीन कुलूप घातलं. राज्याने राजधानीतून वकील पाठवला, वॉशिंग्टनने त्यांचा. उंटावरून शेळ्या हाकणारे दोन, आणि शेळी आमच्या गल्लीतली.

कज्जा उभा राहिल्यावर बाका मावशीच्या स्वयंपाकघरात आला. वरून हुकूम होता, कुलूप लटकतं ठेवायचं नाही, कुणालाही असंच सोडलं तर रस्ता सार्वजनिक आहे असा त्याचा अर्थ होईल. मावशीने परवानगीचा अर्ज करावा, मग तो स्वतः नेऊन आणेल. त्याने चुलीजवळ उभं राहून हे सांगितलं, बसलाही नाही.

संध्याकाळी वेल्डन आला.

"आत्या, अर्जबिर्ज करायचा नाही हं."

"का रे?"

"परवानगी मागितली म्हणजे रस्ता त्यांचा आहे हे आपणच कबूल केलं. आपल्या घरातल्याच माणसाने मागितली तर आमचं कोर्टात नाक कापलं जाईल. थोडा धीर धर. रस्ता जिंकून देतो तुला."

ती घरच्या माणसाचं ऐकणारी. तिने धीर धरला. म्हणजे बघा, एक म्हणतो मागितल्याशिवाय जायचं नाही, दुसरा म्हणतो मागायचंच नाही. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ असं ऐकत आलोय आपण. इथं तिसऱ्याचं वाटोळं झालं. मे आला की मावशी फुलं कापायची, डब्यांत लावायची आणि ओट्यावर ठेवायची. पाकळ्या गळून पडेपर्यंत ते डबे तिथंच असायचे. एकदा ते बघवेना म्हणून मी म्हटलं, चल, मागच्या घळीतून चालत जाऊ, कुणाला पत्ता लागणार नाही. ती म्हणाली, "त्याच्याकडे चोरासारखं नाही जायचं." असे किती मे गेले ते मी मोजले नाहीत. तिने मोजले असणार.

अशा खटल्यांत म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी लवकर घेऊन ठेवतात. मरायच्या आत, पण असं तोंडावर म्हणत नाहीत. काउंटीच्या कचेरीत लांब टेबल मांडलं होतं. मावशीला मी नेलं होतं, म्हणून मागे खुर्चीवर बसायला मिळालं. राज्याच्या वकिलाला सिद्ध करायचं होतं ते एवढंच, की जुन्या काळापासून कुणीही या रस्त्याने बिनधास्त ये-जा करायचं. मावशीने झकास सांगितलं. मेंढपाळ यायचे, पीच घ्यायला व्यापारी यायचे, टपालवाला यायचा, वाट चुकलेले यायचे आणि जेवून जायचे. वेल्डन भिंतीला टेकून असा हसत होता की जणू निकाल खिशात आहे.

मग वॉशिंग्टनचा वकील उठला. पोरगेलासा, जिभेवर मध.

"बाई, रस्त्यावर फाटक होतं का?"

"होतं की."

"लावलेलं असायचं का?"

मी मागून पाहिलं, तिची मान ताठ झाली. राज्याच्या वकिलाने घसा खाकरला, पण तिला वाटलं हा परका पोरगा तिच्या वडिलांवर आळ घेतोय, फाटक उघडं टाकणारे म्हणतोय. गुरांच्या मुलखात याहून मोठी शिवी नाही.

"आमचं फाटक उघडं पाहिलेलं एक माणूस दाखवा मला. कायम लावलेलं असायचं. माझ्या वडिलांनी यात कुणाची गय केली नाही."

"कायम? आणि लोक विचारून आत यायचे?"

"विचारूनच. तेव्हा माणसांना रीतभात होती."

त्याने आभार मानले आणि खाली बसला. राज्याच्या वकिलाने पेनाला टोपण लावलं. परतताना पिकअपमध्ये मावशी खूश होती. म्हणाली, "बरं बोलले ना गं? वडिलांचं नाव राखलं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

निकाल आला. फाटक कायम बंद, लोक विचारून येत, म्हणजे रस्ता सार्वजनिक नव्हता, खाजगी होता. खाजगी होता तो मळ्याबरोबर विकला गेला. म्हणजे आता उद्यानाचा.

अहो, फाटक लावतात ते गुरं पळू नयेत म्हणून, माणसं येऊ नयेत म्हणून नव्हे. हे आमच्याकडच्या कुठल्याही पोराला विचारा. कोर्टात बसलेल्या एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांतल्या एकालाही हे ठाऊक नसेल? वॉशिंग्टनच्या वकिलाला नक्की ठाऊक होतं, म्हणून तर त्याने विचारलं. आणि राज्याच्या वकिलाला ठाऊक होतं तर त्याने तिला आधी एका शब्दाने सावध का केलं नाही? तिच्याशी बोलायला त्याला वेळ नव्हता. टीव्हीवाल्यांशी बोलायला होता.

आमच्याकडे कुणी गेलं की त्या घरी चीज घालून भाजलेले बटाटे न्यायची पद्धत आहे. निकालाच्या दिवशी मावशीकडे बटाट्यांच्या सात-आठ थाळ्या आल्या. रस्ता वारला म्हणून. लोक हसत होते, मावशीही हसली. तेवढ्यात वेल्डन आला आणि सगळ्यांसमोर तिच्यावर घसरला.

"आत्या, एक शब्द गिळला असतास तर? कधीमधी उघडं असायचं, एवढं म्हणायला काय जात होतं?"

"वडिलांच्या नावाने खोटं बोलू?"

"अपील करणार आहोत आम्ही. वरपर्यंत जाणार. आता तरी गप्प बस, आणि परवानगी मागायची नाही म्हणजे नाही."

मावशीने त्याच्या हातात बटाट्यांची एक थाळी दिली आणि दार दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिने मला पिकअप काढायला सांगितलं. उद्यानाच्या कचेरीच्या पायऱ्यांवर वेल्डन उभा होता. आमच्या गावात बातमी गाडीच्या पुढे धावते. तो हळू आवाजात म्हणाला की तिने आज अर्जावर सही केली तर उद्या गावात कुणी तिच्याशी बोलणार नाही.

"वेल्डन, मी नव्वदीला टेकले," ती म्हणाली. "तुझं अपील माझ्यापेक्षा जास्त जगेल. बाजूला हो."

तो झाला बाजूला. तिने सही केली.

थडगी सजवायच्या दिवशी मावशी, मी आणि बाका असे तिघं गेलो. पीचची झाडं वाळून गेली होती. लिनचा दगड एका बाजूला कलला होता आणि वाळूने अर्धा झाकला होता. मावशी गुडघ्यांवर बसली, हातांनी वाळू सारली, ओल्या फडक्याने दगड पुसला आणि डबे मांडले. मग बातम्या सांगायला लागली. इतक्या वर्षांच्या बातम्या साठलेल्या, संपता संपेनात. कोण मेलं, कोण शहरात गेलं, शाळेत आता पाव बाहेरून येतात. बाका हॅट काढून लांब उभा होता. वेल्डनने मला फुलांचे फोटो काढायला बजावलं होतं, रस्ता वापरात आहे याचा अपिलात पुरावा म्हणून. फोन मी मुद्दाम घरी ठेवून आले होते.

निघायची वेळ झाली तेव्हा बाका जवळ आला. त्याने परवान्याचा कागद पुढे केला. परवान्यावर अट होती, आत जे आणलं ते सगळं परत न्यायचं, मागे काही ठेवायचं नाही. ही अट उद्यानात सगळ्यांनाच असते, आणि एरवी त्याने डोळेझाक केली असती. पण कज्जा चालू होता, वरचे लोक उद्या येऊन बघणार होते, आणि मागे राहिलेलं फूलही कोर्टात कुणाच्या तरी बाजूने उभं राहणार होतं.

"सगळं?" मावशीने विचारलं.

"हो, मावशी. माफ करा."

"लिनलाही मीच आणलं होतं. जन्मला तेव्हा दवाखान्यातून, याच रस्त्याने, मांडीवर. त्याला कशात नेऊ ते सांग."

मला दोन्ही वकिलांना, दोन्ही सरकारांना आणि त्या वेल्डनला कानाला धरून तिथं आणून उभं करावंसं वाटलं. पण ते कधी तिथं येत नाहीत, तिथं बाकासारखेच येतात. मावशीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. घरी त्याची तीन मुलं आहेत हे तिला माहीत होतं. तिने एकेक डबा उचलला आणि माझ्याकडे दिला. शेवटचा, लिनच्या डोक्याशी ठेवलेला, तिने स्वतःकडे ठेवला.

रस्त्याची तर वाट लागलेली. दोन सरकारं मालकीसाठी भांडतायत, खड्डे कोण बुजवणार? पिकअप उसळत होती, डब्यातलं पाणी मावशीच्या झग्यावर सांडत होतं. डबा खाली पायाशी ठेव म्हणून मी दोनदा सांगितलं. तिने ऐकलं नाही. गाव येईपर्यंत तो मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती.