समोरासमोरच्या लाटा

बर्फाच्या कारखान्यामागे भूकंपमापक बसवायला आलेल्या बाईंशी मी जागेवरून बरीच घासाघीस केली. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, रात्री यंत्रं बंद ठेवाल ना?"

"आधी समुद्र बंद करा. तो जास्त आदळतोय."

"त्याचाच तर आवाज हवाय. समोरासमोरच्या लाटा भिडल्या की दणका सरळ तळाला बसतो, पृथ्वीच्या पोटातून पार जातो. त्यावरून आतलं कळतं."

उधाण होतं. धक्क्यापाशी दोन लाटा एकमेकींच्या अंगावर धावल्या आणि फुटल्या. सकाळी माडीवर मी आणि धाकटा भाऊ असेच भिडलो होतो. मी एकट्यानं उभारलेल्या कारखान्यात त्याला अर्धा वाटा हवा आहे. त्यानं माझा गळा धरला, मी हातोडी उचलली. बायकोनं ती हिसकावली नसती, तर डोकंच फुटलं असतं. राग अजून उतरलेला नाही. पण लाटा पाहताना पहिल्यांदाच मनात आलं, आमच्या पायांखाली कोण होतं?

घरी गेलो. माडीखालच्या खोलीत आई बसली होती. हातातला पेला थरथरत होता, पाणी लुगड्यावर सांडत होतं.

"दमलास?" ती म्हणाली. "जा, हाणा अजून एकमेकांना. मी आहेच खाली."