हरीओमच्या नावावर

वाशिमच्या त्या डाळ-बियाणे कंपनीत सपना इंगोलेला नावानं हाक मारणारं माणूस विरळाच. वजनकाटा अडला की ती 'सर्व्हरवाल्या मॅडम', आणि काटा सुरळीत चालला की कुणीच नाही. रोज मेडशीहून एसटीनं यायची, गोदामामागच्या थंडगार खोलीत जाऊन बसायची आणि तिच्या जिवावर कंपनी बिनघोर राहायची. कुणाच्या जिवावर, हे विचारायची गरज कुणालाच पडली नाही.

त्या खोलीत लोखंडाचा सर्व्हर एकच होता, पण त्याच्या पोटात पाच-सहा संगणक नांदत होते. एक काट्याचा, एक हिशेबाचा, एक बियाण्याच्या साठ्याचा. एकाच घरात भिंती घालून चुली वेगळ्या कराव्यात, तसे. कोणी कुठल्या खोलीत शिरायचं, कोणी नुसतं दारातून बघायचं, कोणी दिवा लावायचा-विझवायचा आणि खोलीच पाडून टाकायची मुभा कोणाला, हे ठरवून देणं सपनाचं काम. त्याला तिथं 'रोल' म्हणत. काट्यावरच्या भागवतला काट्याचा संगणक चालू-बंद करण्यापुरता रोल, राखीला हिशेबापुरता. नवा माणूस आला की त्याला बेतानं द्यायचं, सोडून गेला की काढून घ्यायचं. यात सपनाचा हात सहसा चुकत नसे.

आता गंमत बघा. हे सगळं ती करायची हरीओमच्या नावानं. तिच्या स्वतःच्या नावाचं लॉगिन होतं, पण त्याचा रोल फक्त बघण्याचा. शिकाऊ म्हणून लागली तेव्हा मिळालेला, तो तसाच राहिलेला.

हरीओम म्हणजे कंपनीचे अध्यक्ष बबनराव यांचा पुतण्या, केनवडचा. सर्व्हर बसवला त्यानंच, आणि बसवून होतो न होतो तोच पुण्याची नोकरी धरली. जाताना पासवर्ड सपनाच्या हाती देऊन गेला. तिनं तेव्हाच बबनरावांना सुचवलं होतं की पूर्ण रोल माझ्या नावावर करू आणि हे खातं बंद करू. बबनरावांना ते लागलं. घरच्या पोराचं नाव पुसायचं म्हणजे पोरगं कायमचं गेलं म्हणायचं, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं. राहू दे, घरचं नाव आहे, चालते, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

सपनाचे वडील पुंजाजी यांनी उभा जन्म मार्केट यार्डात हमाली केली. त्यांना हे कळलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले.

"आमी पोते वाहिले, अन् गिनती मुकादमाच्या नावावर चढे," ते म्हणाले. "तू तं शिकली. तुह्या कामावर बी दुसऱ्याचंच नाव काहून?"

सपनानं समजूत घातली की नावाचं काय घेऊन बसलात बाबा, पगार तर माझ्याच खात्यात येतो. पुंजाजी पुन्हा जेवायला लागले. त्यांना ते पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही नाही.

अशी काही वर्षं गेली. यंदा वार्षिक सभेच्या तोंडावर कंपनीनं बाहेरची माणसं बोलावून सगळी यंत्रणा तपासून घेतली. सर्व्हरमध्ये लॉग असतो, म्हणजे कुणाच्या नावानं कधी काय झालं याची आपोआप होणारी नोंद. त्या माणसांनी तो उतरवून नेला आणि यथावकाश अहवाल पाठवला. अहवालात कौतुकच कौतुक. ऐन सोयाबीनच्या हंगामात काटा कधी थांबला नाही, जुन्या सर्व्हरवरचा माल, म्हणजे सगळी माहिती, नव्या सर्व्हरवर हलवला तेव्हा एक दाणा इकडचा तिकडे झाला नाही, आणि हे सारं श्रेय हरीओम या कर्मचाऱ्याचं. कंपनीनं यंत्रणाप्रमुखाचं कायम पद काढून त्यावर याच माणसाला नेमावं, अशी शिफारस. सपनाच्या वाट्याला एक ओळ आली होती: फक्त बघण्याचा अधिकार, वापर जवळपास नाही, खातं बंद करण्यास हरकत नाही.

बबनराव हरखून गेले. पुण्यात बसून पोरगं इथलं सगळं सांभाळतं, याचा त्यांना कोण अभिमान! हल्ली सगळी कामं घरबसल्याच होतात, हे त्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. त्यांनी हरीओमला फोन करून सभेत सत्काराला बोलावलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, सर्व्हर बसवला म्हणून काका शाल देताहेत. तो हो म्हणाला. इकडे त्याची आई सोजरबाई पोरगा कायमचा घरी येणार म्हणून घराला रंग लावायला निघाली.

आणि सपनाचा करार सभेपर्यंतचाच होता. पद हरीओमला गेलं की तिचा रस्ता मोकळा.

खरं तर तिनं मनात आणलं असतं तर हरीओमच्या लॉगिनमधून सगळे अधिकार क्षणात स्वतःच्या नावावर करून घेतले असते. विचारणारं कोण होतं? पण पंगतीत आपलंच पान आपण वाढून घ्यावं, तसं तिला ते वाटे. शेवटी ती उठली आणि थेट बबनरावांच्या खोलीत गेली. ते सत्काराच्या शाली बघत होते.

"काकाजी, अहवालातला हरीओम म्हंजे मी आहो," ती म्हणाली.

ते आधी हसले. मग तिचा चेहरा पाहून थांबले. हंगामात काटा कोण बघत होतं, नव्या सर्व्हरवर माल कोणी हलवला, असं एकेक विचारत गेले आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच आलं. हातातली शाल त्यांनी खाली ठेवली.

"मंग तुह्या नावानं करून काहून नाही घेतलं? चाबी तं तुह्याच हाती होती."

"साऱ्याइले मीच देत होती, काकाजी. पण मले कोणीतरी द्यायले पायजे होतं नं."

बबनराव शालीची घडी घालू लागले. सोजरबाईला आता काय सांगायचं, असं स्वतःशीच पुटपुटले. तोंडातला घास काढून घ्यावा तसं झालं होतं त्यांना, आणि घास मुळात आपला नव्हता हेही कळत होतं. मग ते उठले आणि तिच्यामागून त्या थंड खोलीत आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

सपनानं रोलचं पान उघडलं. चष्मा लावून त्यांनी तिला एकेक रोल वाचायला लावला आणि तिच्या नावासमोर सगळ्यात वरच्यावर बोट ठेवलं. सभेत पदासाठी हेच नाव जाईल, हेही सांगितलं. तुम्हाला कोणता देऊ, असं तिनं विचारलं.

"मले पाहाचाच ठेव. जे समजत नाही त्याची चाबी कायले ठेवू?"

तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. डोळे पुसून तिनं एक गोष्ट मात्र त्यांच्या कानावर घातली. आत्ता उघडं आहे ते खातं हरीओमचं, त्यामुळे सपनाला अधिकार दिले ही नोंदही लॉगमध्ये त्याच्याच नावानं पडेल, आणि त्यानंतर ते खातं बंद होईल.

बबनरावांनी माऊसवर स्वतःचा हात ठेवला.

"पडू दे," ते म्हणाले. "एवढं एक काम तं त्याच्या नावावर राहू दे."

आणि त्यांनी बटण दाबलं.