राणीचा गुडघा

बाबा गेल्यापासून आई घराबाहेर पडायची ती फक्त राणीला, आमच्या कुत्रीला, फिरवायला. राणीच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं आणि तेही थांबलं.

ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. लिगामेंटशिवायही गुडघा सरकू नये म्हणून हाड कापून नव्या कोनात बसवलेलं, त्यावर धातूची पट्टी आणि स्क्रू पांढरेशुभ्र दिसत होते. एवढ्याशा पायात एवढं लोखंड पाहून आईचे डोळे भरून आले.

"ही पट्टी हाड जोडते का हो?"

"नाही काकू. पट्टी फक्त त्याला हलू देत नाही. जुळून यायचं काम हाड स्वतःच करतं."

ते ऐकून मला हायसं वाटलं. इतके दिवस मी आईला सारखी समजावत होते, हसवू पाहत होते. तिच्याजवळ नुसतं बसून राहणंही पुरेसं असेल, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

टाके काढले त्या दिवशी दवाखान्याबाहेर राणीनं तो पाय बिचकत टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मी रिक्षाला हात केला.

"रिक्षा पुढच्या कोपऱ्यावर थांबव," आई पट्टा हातात घेत म्हणाली. "तिथवर आम्ही दोघी चालत येतो."